साखरेचा आकडा समजला का? आधी समज मोजा, मग सल्ला द्या

मृगाच्या आधी आपल्या वऱ्हाडात एक काम घरोघरी होते, निदान व्हायला तरी हवे. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर त्यातले १०० दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर रांगेने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. ७० उगवले तर बियाणे पेरणीजोगे. थोडे कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. फारच कमी उगवले तर ते बियाणे जमिनीत टाकायचेच नाही. दाणा दिसायला किती टपोरा आहे यावर शहाणा शेतकरी विसंबत नाही. तो मोजतो.

मधुमेहाच्या, म्हणजे आपल्या बोलीत ‘शुगर’च्या रोग्याला सल्ला देताना मात्र असे कोणी मोजत नाही. सांगणारा भराभर सांगतो, ऐकणारा ‘हो जी’ म्हणतो, कागद पिशवीत जातो. सांगितलेल्यातले किती उगवले हे पाहायला पाच दिवसांनी गोणपाट कोणी उघडत नाही.

कृषी खात्याच्या माणसाने शुगरवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. गावात सभा संपली की दोघे-चौघे मागे थांबतात आणि खिशातून दवाखान्याचा रिपोर्ट काढतात. ‘साहेब, हे इंग्रजी जरा वाचून द्या ना.’ मी डॉक्टर नाही, औषध सांगणे माझे काम नाही. पण शेतकऱ्याला एखादी गोष्ट समजली की नाही हे ओळखणे हा आमच्या विस्तार कामाचा अर्धा भाग आहे. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

साक्षर आहेत, तरीही

२०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८७ टक्के आणि अकोला जिल्ह्याची सुमारे ८८ टक्के निघाली. दोन्ही जिल्हे राज्याच्या सरासरीच्या पुढे. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण जनगणनेची साक्षरता म्हणजे कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणे. रक्ताचा रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, इन्सुलिनची सिरिंज आणि साखर मोजायचे यंत्र या चार गोष्टी वाचून त्याप्रमाणे वागता येणे ही वेगळी साक्षरता आहे. तिला आरोग्य-साक्षरता म्हणतात. आणि त्यातला आकड्यांचा जो भाग आहे, ती अंक-साक्षरता. शुगरमध्ये हा अंकांचाच भाग सर्वांत मोठा, कारण या रोगाचा सारा कारभारच आकड्यांवर चालतो.

आणि हा रोग आता शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के, आणि नुसता ग्रामीण भाग धरला तरी ८.९ टक्के. म्हणजे खेड्यात १०० मोठी माणसे जमली तर त्यात आठ-नऊ शुगरचे असणार. त्यातल्या कितीकांना तर माहीतही नसणार.

‘३१२ वरून ९ वर आली’

दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. दहावी पास, बचत गटाचा हिशेब पाहणारा, अर्ज-विनंत्या स्वतः लिहिणारा माणूस. शिबिरात बोटाचे रक्त तपासले तेव्हा साखर ३१२ निघाली. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी दुसरी तपासणी झाली, तिच्या कागदावर आकडा होता ९.०. हा आकडा ‘एचबीएवनसी’ या तपासणीचा. काकाजींनी तो पाहिला आणि खूश झाले. ‘आता तं शुगर नवावर आली. मंग गोळी कायले खाऊ?’ म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत पायात धसकट घुसले. पाय बधिर झालेला, त्यामुळे कळलेच नाही. जखम चिघळली आणि शेवटी अंगठा काढावा लागला.

यात अडाणीपणा कुठे आहे? ३१२ पेक्षा ९ लहान, हे गणित तर बरोबरच आहे. चूक इतकीच की दोन वेगळ्या मापांचे आकडे एका रांगेत बसवले गेले. क्विंटलाचा आकडा आणि टक्क्याचा आकडा एकमेकांतून वजा करावा तसे ते झाले. तपासणीची दोन मापे वेगळी असतात हे त्यांना कोणी समजावून दिले नव्हते. दिले असेल तर ते कितपत उगवले, हे कोणी मोजले नव्हते.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर यंत्रावर दिसणारी साखर म्हणजे आजचा बाजारभाव. सकाळी एक, दुपारी दुसरा. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांचा, हंगामाचा सरासरी भाव. तो टक्क्यात असतो, कारण रक्तातल्या लाल रंगद्रव्यापैकी शेकडा किती भागाला साखर चिकटली हे त्यात मोजतात. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४. ९ टक्के म्हणजे साधारण २१२. आता पाहा, काकाजींचा ‘नऊ’ हा आकडा किती मोठा होता ते!

बाहेर देशात मोजून पाहिले

समज मोजण्याचे काम अमेरिकेत तीसेक वर्षांपासून चालू आहे. १९९५ साली तिथे एक परीक्षा तयार झाली, तिच्यात रोग्याला औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला देऊन प्रश्न विचारतात. २००५ साली त्याहून सोपी युक्ती निघाली. आइस्क्रीमच्या डब्यावरचा पोषणाचा तक्ता पुढे ठेवायचा आणि सहा प्रश्न विचारायचे. तीन मिनिटांत अंदाज येतो.

खास मधुमेहाच्या आकड्यांची परीक्षा व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ साली तयार केली. प्रश्न ४३. यंत्रावरचा आकडा वाचणे, खाण्यातले पिष्ट मोजणे, गोळ्यांचा हिशेब, इन्सुलिनची मात्रा, असे सगळे त्यात आले. ३९८ रोग्यांना ती दिली तेव्हा मधल्या माणसाला १०० पैकी ६५ गुण मिळाले. म्हणजे निम्मे लोक त्याच्याही खाली. हे सारे शिकलेल्या, श्रीमंत देशातले. ज्यांना गुण कमी, त्यांची साखरही थोडी जास्त असल्याचे त्यात दिसले. फरक मोठा नव्हता, पण होता.

याच्या आधी, २००२ साली, सॅन फ्रान्सिस्को इथल्या ४०८ रोग्यांच्या पाहणीतही ज्यांची आरोग्य-साक्षरता कमी त्यांची साखर जास्त बिघडलेली आणि डोळ्याच्या पडद्याचा त्रासही जास्त, असे आढळले होते. तिथल्याच मंडळींनी २००३ साली डॉक्टर-रोग्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. डॉक्टरांनी सांगितलेल्या दर १०० नव्या गोष्टींपैकी जेमतेम १२ गोष्टी रोग्याला समजल्या की नाही, हे विचारून पाहिले गेले होते. ज्या डॉक्टरांनी विचारले, त्यांच्या रोग्यांची साखर ताब्यात असण्याचे प्रमाण जास्त होते.

आपल्याकडे मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. आशाताई ३० वर्षांवरील लोकांचा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला शुगर आहे का, हे सारे विचारून गुण देतात. गुण ४ च्या वर गेले की तपासणी आधी करायची. कंबर टेपने मोजली जाते. पण रोग सापडल्यावर सांगितलेले किती समजले, ते मोजायचा टेप त्या पिशवीत नाही.

आकडे आपल्याला येतात

‘खेड्यातल्या माणसाला आकडे समजत नाहीत’ हे बोलणे मला मान्य नाही. कापूस केंद्रावर नेला आणि ओलावा ८ टक्क्यांच्या वर निघाला तर भाव किती कापला जाईल, हे आपला शेतकरी गाडीवर बसल्या बसल्या सांगतो. दूध घालणारी बाई फॅट ६.२ आणि ६.५ मधला फरक पैशात सांगते. जुन्या शाळेत पावकी, निमकी, दीडकी पाठ केलेले आबाजी सव्वा, दीड, अडीच, पाऊण यांचा हिशेब कागदाशिवाय करतात. टक्का येतो, दशांश येतो, अपूर्णांक येतो. मग अडते कुठे?

अडते ते आकड्याच्या कपड्यात. रिपोर्ट इंग्रजीत. जुन्या चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा वाटतो आणि इंग्रजी आठ आपल्या ४ सारखा. दवाखान्यात ‘सेव्हन पॉइंट फाइव्ह’ ऐकू येते. तेच ‘साडेसात’ म्हटले की डोक्यात प्रकाश पडतो. गोळीच्या चिठ्ठीवर ‘१-०-१’ लिहिलेले असते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हा त्याचा अर्थ. पण १०१ गोळ्या आणायच्या असे समजणारेही भेटतात.

दुसरी अडचण लाजेची. वाचता येत नाही हे कोणी सांगत नाही. ‘चष्मा घरी इसरलो जी,’ असे म्हणतात. एखाद्याचा चष्मा खरेच राहिलेला असतो, आणि शुगरमध्ये नजरही अधू होते. म्हणून आधी सिरिंजवरच्या रेघा दिसतात का, हे पाहावे. नजर कमी म्हणून चुकणे आणि अर्थ न कळल्याने चुकणे, या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

तिसरी गोष्ट, मोजायची ती एकट्या रोग्याची समज नव्हे, घराची. कितीतरी घरांत रिपोर्ट नातू वाचतो, गोळ्या सून देते, सुई मुलगा टोचतो आणि भाकर किती, भात किती हे आजी ठरवते. ज्याच्या हातात जे काम, त्याला ते समजले का, हे पाहिले पाहिजे.

४० आणि १००: इथे चूक महागात पडते

फवारणीचे उदाहरण घ्या. १० लिटर पाण्याला २० मिली सांगितले आणि आपला पंप १५ लिटरचा, तर ३० मिली लागेल, हे सर्वांना येते. आणखी एक गोष्टही येते. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्क्यांचेही मिळते आणि ७० टक्क्यांचेही. नाव एक, पण कडकपणा वेगळा, म्हणून माप वेगळे. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जीव गेले. त्यानंतर आम्हा विस्तारवाल्यांना नीटच कळले की डब्यावर बारीक अक्षरात लिहून ठेवणे म्हणजे सांगणे नव्हे.

इन्सुलिनचेही तसेच आहे. बाटली बहुतेक ‘४०’ ची असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. काही बाटल्या आणि पेनमधल्या नळ्या ‘१००’ च्या. सिरिंजाही दोन तऱ्हेच्या. ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. बाटली आणि सिरिंज यांचा आकडा जुळलाच पाहिजे. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावून २० च्या रेघेपर्यंत औषध घेतले तर अंगात जाते फक्त ८ युनिट. साखर चढतच राहते. उलट १०० च्या बाटलीला ४० ची सिरिंज लावून २० च्या रेघेपर्यंत घेतले तर जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. दुकानात लाल टोपणाची सिरिंज संपली म्हणून दुसरी आणली, एवढ्या साध्या गोष्टीने हे घडते.

शेतीशाळेतली मतपेटी

मग अक्षर न येणाऱ्या माणसाची समज मोजायची कशी? याचे उत्तर आमच्याकडे तयार आहे. शेतीशाळा ही पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या किडींसाठी सुरू झाली आणि तिथून आपल्याकडे आली. तिच्यात सुरुवातीला आणि शेवटी ‘मतपेटी चाचणी’ घेतात. बांधावर खरे झाड, खरी कीड, खरे किडके पान ठेवायचे. प्रश्न मोठ्याने वाचायचा. तीन उत्तरे, तीन डबे. ज्याला जे बरोबर वाटेल त्या डब्यात त्याने चिठ्ठी टाकायची. लिहावे लागत नाही, चारचौघांत बोलावे लागत नाही, कोणाची फजिती होत नाही. मित्रकीड कोणती आणि शत्रूकीड कोणती, हे शाळेत न गेलेली बाई कधीकधी पदवीधरापेक्षा अचूक सांगते.

हीच चाचणी शुगरसाठी का घेऊ नये? उपकेंद्राच्या ओट्यावर पाच टेबले मांडायची. एकावर दोन रंगांच्या सिरिंजा आणि इन्सुलिनची रिकामी बाटली. दुसऱ्यावर दोन रिपोर्ट. तिसऱ्यावर गोळ्यांच्या पट्ट्या आणि चिठ्ठी. चौथ्यावर यंत्राच्या पडद्याचे मोठे चित्र. पाचव्यावर ‘शुगर फ्री’ बिस्किटांचा पुडा. साखर नसली तरी त्यात मैदा आहे आणि मैद्याचीही रक्तात साखरच होते, हे किती जणांना ठाऊक आहे ते तिथे कळेल.

मग गुण मोजायचे, पण माणसाचे नव्हे, प्रश्नाचे. ४० जणांपैकी ३० जण सिरिंजच्या टेबलावर चुकले, तर ते ३० जण नापास झाले असे नाही. सांगणारे नापास झाले. पुन्हा सांगायचे, वेगळ्या तऱ्हेने सांगायचे, आणि महिन्याने पुन्हा डबे मांडायचे.

घरच्या घरी पाच प्रश्न

चाचणी होईल तेव्हा होईल. तोवर घरात शुगरचा माणूस असेल तर हे पाच प्रश्न सहज गप्पांत विचारून पाहा. हे शास्त्रीय मापन नाही, पण कुठे अडते ते लगेच कळेल.

१) उपाशीपोटी साखर १४८ आणि जेवणानंतर दोन तासांनी १७०. यातला काळजीचा आकडा कोणता? बरेच लोक १७० म्हणतात, कारण तो मोठा. पण बहुतेक रोग्यांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, अशी मर्यादा सांगतात. म्हणजे काळजीचा आकडा १४८. आपल्या माणसाची मर्यादा किती, हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे. वयस्कर माणसासाठी ती वेगळी असू शकते.

२) एचबीएवनसी मागच्या वेळी ७.८ होता, आता ८.१ आहे. बरे झाले की बिघडले? उत्तर: बिघडले. आकडा छोटा दिसतो म्हणून फरक छोटा समजू नये.

३) गोळी १-०-१ आहे. १० गोळ्यांच्या चार पट्ट्या आणल्या, तर किती दिवस पुरतील? उत्तर: २० दिवस. महिन्यासाठी सहा पट्ट्या लागतात. मधले दहा दिवस खाडा पडतो तो बहुधा या हिशेबामुळेच.

४) घरातल्या इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिले आहे की १००? आणि सिरिंजवर? तोंडी उत्तर घेऊ नका. दोन्ही वस्तू हातात देऊन दाखवायला सांगा.

५) यंत्रावर ५८ आकडा आला. खूश व्हायचे की घाबरायचे? ७० च्या खालचा आकडा धोक्याचा. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार लहान चमचे साखर किंवा तेवढाच गूळ लगेच द्यायचा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. ‘शुगर कमी झाली, लय चांगलं झालं’ असे उत्तर आले तर त्याच दिवशी समजावून सांगा. उन्हात वखरणी-डवरणी करणाऱ्या, वेळेवर शिदोरी न खाणाऱ्या माणसाला हा प्रसंग केव्हाही येऊ शकतो. खिशात गुळाचा खडा असावा.

‘समजलं का?’ हा प्रश्नच सोडा

डॉक्टर, सिस्टर, आशाताई, औषध दुकानदार आणि आम्ही विस्तारवाले, सगळ्यांना एक सवय आहे. सांगून झाले की विचारायचे, ‘समजलं का?’ याचे उत्तर आपल्या भागात एकच असते, ‘हो जी.’ त्या होकाराने काहीही मोजले जात नाही. त्याऐवजी असे विचारावे: ‘बाबाजी, घरी गेल्यावर सूनबाईले काय सांगसान?’ मग बाबाजी जे सांगतील तेच खरे उगवलेले. जे सुटले ते पुन्हा सांगावे आणि पुन्हा विचारावे. एक-दोन मिनिटे जास्त लागतात, इतकेच.

ही रीत काही अमेरिकेतून आणायला नको. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी शाळा पाहिली नव्हती. पण कीर्तनात ते नुसते सांगत नसत, समोरच्यांना एकामागून एक प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. उत्तर चुकले तर प्रश्न फिरवून पुन्हा विचारत. ऐकणाऱ्याला गोष्ट पटली की नाही, हे जागच्या जागी कळत असे. आज ज्याला परदेशी शास्त्रज्ञ समज तपासणे म्हणतात, ते आपल्या वऱ्हाडी बोलीत, हजारो माणसांपुढे, कंदिलाच्या उजेडात होऊन गेले आहे.

तेव्हा ग्रामपंचायतींनी, बचत गटांनी आणि शेतकरी गटांनी एवढे करावे. पुढच्या आरोग्य शिबिरात तपासणीच्या टेबलाशेजारी समज तपासण्याचे एक टेबल मांडायला वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंती करावी. डबे, चिठ्ठ्या आणि माणसे गावातच मिळतील, मतपेटी कशी चालवायची ते गावचे सहायक कृषी अधिकारी दाखवतील. घरच्या मंडळींनी शुगरच्या माणसाची एक वही करावी. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि एचबीएवनसी, असे चार वेगळे रकाने, मराठी आकड्यांत. रकाने वेगळे असले की ३१२ खाली ९ लिहिला जाणार नाही. दर वेळी दवाखान्यात जाताना वही सोबत न्यावी आणि निघण्याआधी डॉक्टरांना म्हणावे, ‘तुम्ही काय सांगितलं ते मी एकदा म्हणून दाखवतो, बरोबर आहे का पाहा.’